पिरिफॉर्मिस आणि सत्यनारायण

सोसायटीच्या कार्यालयातला पंखा प्रत्येक फेरीला एकदा कण्हत होता, आणि त्या कण्हण्याच्या आधाराने कमिटीचे सगळे सभासद आपापल्या चहाच्या कपात पाहत होते. पाणी गेलेले आहे हे ठाऊक असूनही माणूस नळ एकदा सोडून पाहतो आणि मग त्या कोरड्या तोंडाकडे बघत उभा राहतो, तशी ती शांतता होती. मी फार काही मागितले नव्हते. यंदाच्या सत्यनारायणाला यजमान म्हणून पाटाऐवजी खुर्चीवर बसलो तर चालेल का, एवढेच विचारले होते.

अखेर सेक्रेटरी प्रीतम साटम यांनी कप खाली ठेवला. "घाडीसाहेब, खुर्चीवर बसून पूजा म्हणजे... कसं दिसेल ते?"

कसे दिसेल, हा आमच्या 'शुभंकर' सोसायटीत कोणत्याही विषयावर विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, आणि बहुधा शेवटचाही. टाकीला गळती लागली तेव्हाही आधी तोच विचारला गेला होता.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या या थकलेल्या इमारतीत दर प्रजासत्ताक दिनी सकाळी झेंडा आणि संध्याकाळी सत्यनारायण असतो. पूजेला बसण्याचा मान फ्लॅटच्या क्रमांकाने फिरतो. आमची पाळी प्रथम आली तेव्हा मला सुतक होते. ती पुन्हा फिरून आली तेव्हा सारे जगच दार लावून घरात बसले होते. यंदा ती तिसऱ्यांदा आली, आणि शेवटची. कारण पावसाळ्याआधी ही इमारत पुनर्विकासात पाडली जाणार आहे, आणि नव्या मनोऱ्याच्या नकाशात जिथे हॉल हवा तिथे व्यायामशाळा काढलेली आहे. स्वतःपुरते म्हणाल तर मी ही पाळी कोणालाही देऊन टाकली असती. प्रश्न रत्नप्रभेचा होता. लग्न होऊन या इमारतीत आल्यापासून माझी पत्नी दर पूजेचा शिरा करते. हॉलमागच्या खोलीत शेगडीपुढे उभी राहून ती रवा भाजते आणि कथा तिला भिंतीतून ऐकू येते. कथेतल्या व्यापाऱ्याची नाव बुडते, नेमकी तेव्हाच दूध ओतायची वेळ होते आणि पुढचे सारे त्या चुरचुरण्यात वाहून जाते. "नाव वर आलेली मी अजून एकदाही ऐकलेली नाही," असे ती मला एकदा म्हणाली होती. तक्रार म्हणून नव्हे. कोणी आपल्याला समुद्रापलीकडचा एखादा देश पाहायचा राहिला असे सांगावे, तशी. यंदा तिने मोरपिशी रंगाची साडी काढून ठेवली होती आणि ती समोर बसून कथा ऐकणार होती. दांपत्याशिवाय पूजा होत नाही, त्यामुळे तिच्या आणि त्या नावेच्या मध्ये आता फक्त माझी डावी बाजू उभी होती.

दुखणे कोठे आहे हे सांगणे, हीच मुळात पहिली अडचण. शरीराच्या त्या भागाला जुन्या काव्यात सन्मानाची जागा आहे आणि कोकणात त्याला रोखठोक नाव आहे. परंतु मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कचेरीत, मॅनेजर बाईंपुढे उभे राहून रजा मागताना, या दोहोंच्या मध्ये काहीही उपलब्ध नसते. मी 'कंबरेच्या जरासे खाली' असे म्हणालो. त्यांनी मला गुडघ्याचा पट्टा सुचवला. मी मनोमन त्यांचे आभार मानले, कारण अंतर थोडे चुकले असले तरी दिशा त्यांनी सभ्यपणे राखली होती.

अखेर स्टेशनजवळच्या एका गाळ्यात दवाखाना थाटलेल्या ऋता नावाच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मला कुशीवर निजवले, वरचा गुडघा दुमडून खाली दाबला, आणि मी जो आवाज काढला त्यावरून निदान केले. "पिरिफॉर्मिस," ती म्हणाली, एखाद्या दूरच्या नातेवाइकाची ओळख करून द्यावी तशी. मग तिने कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा सांगाडा पाठमोरा वळवला. पाठीचा कणा संपतो तिथल्या त्रिकोणी हाडाच्या आतल्या अंगाला हा स्नायू उगवतो, तिरपा बाहेर पडतो आणि मांडीच्या हाडाच्या माथ्याला जाऊन चिकटतो. आकार नाशपतीसारखा. दिसायला लहान, वरच्या मोठ्या मांसल स्नायूंखाली दडलेला. आयुष्यभर कोणी त्याचे नाव घेत नाही.

त्याच्या कामाविषयी ऐकले तेव्हा मात्र मी उठून बसलो. माणूस उभा असताना हा स्नायू मांडी बाहेरच्या बाजूला वळवतो. तोच माणूस खाली बसला, मांडी पोटाकडे दुमडली, की हा आपले काम बदलतो. आता तो मांडी बाजूला सारतो, आणि ती आणखी दुमडली तर चक्क आत वळवू लागतो. उभ्याने एक आणि बसल्यावर दुसरेच. आमची कमिटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला सांगाड्याची गरज नाही. गेटपाशी उभे असताना हेच लोक 'साहेब, काम झालंच समजा' म्हणतात, आणि कार्यालयात खुर्चीवर बसले की त्यांचा तोच स्नायू उलट ओढू लागतो.

या स्नायूच्या खालून बोटाएवढी जाड नस पायात उतरते. काही माणसांत तर ती त्याच्या पोटातूनच आरपार जाते. हेही मला लगेच पटले. आमच्या वरच्या मजल्याचा सांडपाण्याचा पाइप खालच्यांच्या स्वयंपाकघरातून जातो, आणि त्यावरून दोन सभ्य कुटुंबे कित्येक वर्षे एकमेकांच्या लग्नकार्यांना गेलेली नाहीत.

"काका, दिवसभर खुर्चीत बसून हा आखडलाय," ऋता म्हणाली. "मांडी घातली की ताणला जातो, वर पाटाचा दाब, आणि खालची नस चेपते. पंधरा मिनिटं बसा. बास."

"पूजा आणि कथा मिळून दोन तास होतात."

"मग खुर्ची घ्या ना. देव काय बोलणारे?"

देव बोलत नाही, हे खरे. पण देवाच्या वतीने बोलणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्यापुढेच मी त्या संध्याकाळी तो प्रश्न घेऊन बसलो होतो. प्रीतमरावांनी अखेर अभ्यंकर गुरुजींना फोन लावला आणि सर्वांना ऐकू जाईल असा ठेवला. गुरुजी समंजस गृहस्थ. प्रकृतीच्या कारणाने खुर्ची चालते, असे त्यांनी सांगितले. अट एकच, यजमान देवापेक्षा उंच नसावा.

येथून जे सुरू झाले त्याला मी आजही कोणाला दोष देऊ शकत नाही, कारण त्यातली प्रत्येक पायरी निर्दोष होती. मी खुर्चीवर, तर देवाचा चौरंग टेबलावर हवा. देव टेबलावर, तर त्याला स्नान घालणारे गुरुजी जमिनीवरून पोचणार कसे, त्यांनाही खुर्ची. नवरा खुर्चीवर आणि बायको पाटावर, हे रत्नप्रभेला चालले असते, पण बायकांच्या भिशी मंडळाला चालले नाही. चौघे असे उंचावल्यावर सतरंजीवर बसलेल्या लोकांना देवाऐवजी खुर्च्यांचे पाय दिसणार. तेव्हा सर्वांनाच खुर्च्या. टेबलावर चौरंग, चौरंगाला केळीचे खांब, आणि खांबांची पाने थेट हॉलच्या पंख्यात. पंखा बंद ठेवावा तर गुरुजींना दम्याचा त्रास. म्हणून पूजा हॉलबाहेर, पटांगणात. पटांगणात, तर मंडप. माझा एक स्नायू नाशपतीएवढा. त्याच्यापायी प्रत्यक्ष परमेश्वराला बिऱ्हाड हलवावे लागत होते.

मंडपाच्या परवानगीसाठी मला वॉर्ड ऑफिसात पाठवण्यात आले, कारण 'गरज तुमची आहे ना'. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने विचारले की पूजा दर वर्षी हॉलमध्ये होत असता यंदाच मंडप कशाला. मी प्रथम 'तांत्रिक कारण' म्हणालो. त्यांनी तंत्र विचारले. शेवटी रांगेतल्या साऱ्यांच्या साक्षीने मी वळून, बोटाने दाखवून, तो प्रश्न जिथे होता तिथे नेऊन ठेवला. माझ्या मागच्या माणसाने वाकोल्याच्या एका वैद्याचा पत्ता दिला. त्याच्या मागच्याने तो वैद्य वारल्याचे सांगितले. खिडकीपलीकडच्यांनी पटांगण बिल्डरच्या ताब्यात जाणार असल्याने आधी बिल्डरचे पत्र आणावयास सांगितले.

दरम्यान प्रीतमरावांनी सभासदांच्या माहितीसाठी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर एक चित्र टाकले. कातडी काढलेला मनुष्यदेह, पाठमोरा, आणि त्याच्या ज्या भागावर लाल बाण रोखलेला होता तिथे मजकूर: 'घाडीसाहेबांची अडचण'. त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. एका ज्येष्ठ सभासदाने सवयीने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिली आणि मग ती काढण्याचा रस्ता न सापडल्याने तशीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी जिन्यात वॉचमनने मला 'कसा आहे पिरिफॉर्मिस?' असे विचारले, आणि त्याचा उच्चार माझ्यापेक्षा शुद्ध होता.

बिल्डरचे पत्र आले. त्यात मंडपात खुर्चीवरून कोणी पडल्यास, जळल्यास अथवा दैवी प्रकोप झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही, असे होते; आणि शिवाय पटांगणातली सर्व वाहने हलवावीत, असेही. शेजारच्या नंदावहिनींची गाडी त्यांचे यजमान गेल्यापासून जागची हललेली नाही. तिची चाके बसली आहेत, टपावर मांजरीची पिल्ले वाढतात, आणि वहिनी रोज सकाळी तिच्या काचा पुसतात. ती हलवा, असे त्यांना सांगायला कोणीही जाईना. मीही गेलो नाही. अशा रीतीने देव पुन्हा हॉलमध्ये, पंख्याखाली, जमिनीवर आला.

त्या संध्याकाळी कमिटीत कोणी तरी अगदी मऊ आवाजात सुचवले की, मग पुढच्या फ्लॅटचे जोडपे बसवू या का. पुढचा फ्लॅट प्रीतमरावांचा होता. ते फक्त नम्र दिसू लागले. मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा रत्नप्रभा कणीक मळत होती. ती "बरं" म्हणाली. मग हात धुऊन आत गेली आणि मोरपिशी साडी कपाटात परत ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. कपाटाचे दार कुरकुरते, ते त्या दिवशी नेहमीपेक्षा सावकाश कुरकुरले. मी तिथेच, उभ्या उभ्या, आपण पाटावर मांडी घालून बसणार असल्याचे जाहीर केले. उभ्याने माणूस पुष्कळ काही जाहीर करू शकतो.

मग सल्ले सुरू झाले. ऋताने व्यायाम दिला होता: उताणे पडून डाव्या पायाचा घोटा उजव्या गुडघ्यावर ठेवायचा आणि मांडी छातीकडे ओढायची. तो मी करत होतोच. नंदावहिनींनी टेनिसचा चेंडू भिंत आणि दुखरी जागा यांच्या मध्ये धरून घोळवायला सांगितला. चेंडू निसटून दारातून जिन्यात गेला आणि मी भिंतीवर माझा जो ठसा उमटवला तो रंगाऱ्यालाही काढता येणार नाही. पण खरा घाव घातला तो काशीरामकाकांनी. काशीराम परब हे इमारतीतले सर्वांत वडील. गिरणी बंद पडली त्या दिवसापासून ते सर्वांच्या प्रकृतीकडे लक्ष देत आले आहेत.

"चंदू, ह्या डाक्टराचा काम न्हय," ते म्हणाले. "तुझी शीर चढली हा. पायाळू माणूस बघ. तेचो पाय लागलो काय झाला."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याच्या लाथेने लचक उतरते, ही श्रद्धा आमच्याकडे सर्वमान्य आहे. मी सुशिक्षित माणूस आहे, मी हसलो. परंतु रात्री कूस बदलताना माझे हसू डाव्या बाजूने मावळले, आणि सकाळी गटावर काकांचा प्रश्न आलेला होता: आपल्या सोसायटीत कोणी पायाळू आहे काय. दुपारपर्यंत उत्तर आले. प्रीतमरावांच्या मातोश्रींनी गावाहून फोनवर अभिमानाने खात्री दिली. अख्ख्या इमारतीत पायाळू एकच होता, आणि तो सेक्रेटरी होता.

तो प्रसंग मी थोडक्यात सांगतो. कार्यालयाच्या फरशीवर मी पालथा पडलो. काका देखरेख करत होते. प्रीतमरावांनी बूट काढले, मोजा काढला, 'साहेब, पर्सनल घेऊ नका' म्हणाले आणि पाय ठेवला. ते वजनदार गृहस्थ आहेत आणि त्यांचा तोल गेला. आजवर माझे दुखणे गुडघ्यापर्यंतच येत होते. त्या दिवशी ते करंगळीपर्यंत गेले. "उतरला बघ," काका समाधानाने म्हणाले.

पूजेच्या संध्याकाळी मी दुमडलेली गोधडी पाटावर घालून बसलो. रत्नप्रभा माझ्या उजव्या हाताला. साडी मोरपिशीच होती. मी पळीभर पाणी सोडायचे, फूल वाहायचे, आणि तिने आपल्या हाताची बोटे माझ्या हाताला लावायची, म्हणजे ते दोघांचे होते. तिची बोटे गार होती आणि प्रत्येक वेळी ती अगदी नेमक्या जागी टेकत होती. पूजा पार पडली. मला वाटले, आपण जिंकलो.

कथेच्या दुसऱ्या अध्यायात पायात मुंग्या आल्या, तिसऱ्यात त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर पायही गेला. मी भार उजवीकडे घेतला. आणखी घेतला. हळूहळू मी रत्नप्रभेच्या खांद्यावर असा विसावलो की मागून कोणी तरी 'या वयात' असे पुटपुटले. ती ताठ बसून मला तोलत होती आणि नजर गुरुजींच्या पोथीवर होती. मग त्या स्नायूने आपले काम पुन्हा एकदा बदलले. माझा डावा पाय, माझी परवानगी न घेता, सरळ झाला. तो चौरंगाच्या दिशेने गेला आणि केळीच्या खांबाला लागून थांबला. खांब कलला. गुरुजींनी एका हाताने पोथी आणि दुसऱ्याने खांब सावरला. देवाकडे पाय करून बसलेला यजमान या इमारतीने प्रथमच पाहिला.

काशीरामकाका आणि प्रीतमराव यांनी मला बगलेत हात घालून उभे केले. प्रीतमराव वाकून रत्नप्रभेला म्हणाले, "वहिनी, तुम्ही पण उठा. जोडपं लागतं ना. पुढचं आम्ही बसतो." त्यांची पत्नी कशी कोण जाणे, पैठणी नेसून पहिल्याच ओळीत होती.

रत्नप्रभेने वर पाहिले नाही.

"पाय ह्यांचा उठलाय, भावजी," ती म्हणाली. "मी बसलेय. गुरुजी, कथा चालू करा."

सारा हॉल गुरुजींकडे पाहू लागला. गुरुजींनी चष्मा पुसला. संकल्प दोघांच्या नावे झालेला आहे, असे ते म्हणाले. जोडीदार उठला तर त्याच्या जागी सुपारी ठेवतात. मग त्यांनी तबकातली एक सुपारी उचलली, हळदकुंकू लावले आणि माझ्या पाटावर, माझ्याच गोधडीवर बसवली. त्यानंतरचा सबंध वेळ ती जागची हलली नाही. तिने माझ्यापेक्षा कितीतरी चांगला यजमान म्हणून नाव मिळवले, आणि दुसऱ्या दिवशी गटावर तिचा फोटोही आला.

मला हॉलमागच्या खोलीत नेऊन ठेवण्यात आले, कारण तिथे उभे राहता येत होते. यंदा शिऱ्याचे काम नंदावहिनींकडे होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले, माझ्या हातात झारा दिला, "ढवळत राहा, भावजी, खाली लागता कामा नये," म्हणाल्या आणि कथा ऐकायला हॉलमध्ये निघून गेल्या.

उभ्याने तो स्नायू मुकाट झाला. आता तो पुन्हा आपले पहिले काम करत होता आणि माझ्याशी त्याचे काही भांडण नव्हते. मी ढवळत होतो. पातेले मोठे, रवा जड, झारा त्यात रुतत होता. भिंतीपलीकडून गुरुजींचा आवाज येत होता. शब्द येत नव्हते, नुसती चाल येत होती, दूरच्या गल्लीत कोणी कोणाला हाक मारावी तशी. थोड्या वेळाने टाचा बोलू लागल्या. मग पोटऱ्या. मग कंबर, आणि झारा धरलेला खांदा, आणि मानेच्या मागची अशी एक जागा जिचे नाव ऋताने मला अजून सांगितले नव्हते. मी दूध ओतले. चुर्र असा प्रचंड आवाज झाला आणि भिंतीतून येणारे सारे काही काळ पुसले गेले. तो ओसरला तेव्हा पलीकडे शंख वाजत होता.

रत्नप्रभा नैवेद्य न्यायला आत आली. गालांवर शेगडीची नव्हे, समयांची लाली होती. ती जणू त्या वर आलेल्या नावेतूनच इतक्या दुरून आल्यासारखी दिसत होती की क्षणभर मी बाजूला सरकून तिला वाट करून दिली. तिने पातेल्यात डोकावले, माझ्या हातून झारा घेतला आणि तळ एकदा खरवडून पाहिला. मी टेबलाला रेलून एका पायावरून दुसऱ्यावर भार घेत होतो. या दुखण्यात सबंध इमारतीने, एका सरकारी खिडकीने आणि एका बिल्डरने माझी विचारपूस केली होती. मला एकदम काही विचारावेसे वाटले.

"इतकी वर्षं इथे उभी राहायचीस," मी म्हणालो, "तुझं काही दुखायचं नाही का गं?"

तिने वाटीत शिरा भरला, वर तुळशीचे पान ठेवले. स्वतःच्याच घराचा पत्ता विचारणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले, आणि पदर सावरून, वाटी दोन्ही हातांत धरून, आरतीच्या आवाजाकडे चालत गेली.